दगड खरा, चिठ्ठी खोटी

आमच्या शिरोलीच्या परिसरातील एका शाळेत विज्ञानाचे एक काचेचे कपाट आहे. शाळेचे नाव सांगत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. अशी कपाटे पुष्कळ शाळांत असतात; तुमच्याही शाळेत असेल. त्या कपाटात, फॉर्मॅलिनमधल्या सापाच्या बाटलीशेजारी, तळहाताएवढा एक काळसर दगड ठेवला आहे. मेंढ्याच्या शिंगासारखा तो स्वतःभोवती वळलेला आहे आणि वळ्यांवर आडव्या बरगड्या उठलेल्या आहेत. समोर पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि तिच्यावर सुबक अक्षरात तीन ओळी : 'अमोनाइट. वय सुमारे १५ कोटी वर्षे. सापडल्याचे ठिकाण - पन्हाळा.'

विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो असताना मी हा दगड हातात घेऊन पाहिला. पहिली ओळ खरी होती. दुसरी बहुधा खरी होती. तिसरी मात्र खरी असणे शक्यच नव्हते. शिक्षकांना तसे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, दगड तर खरा आहे ना? मुलांना अमोनाइट पाहायला मिळतो, हे काय कमी आहे? ठिकाणाचे एवढे काय घेऊन बसलात?" हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर आहे. तेथल्या तेथे ते नीट देता आले नाही, कारण मुले रांगेत उभी होती आणि चहा निवत होता.

माझे म्हणणे असे की, ती चिठ्ठी काढून टाकली पाहिजे. दगड ठेवावा, चिठ्ठी काढावी. ती का काढावी, ते समजण्यासाठी आपण आधी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जाऊ.

तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काका किंवा भाऊ एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करत असतील. तेथे वितळलेले बीड लॅडलमधून साच्यात ओतताना तुम्ही पाहिले असेल. त्या रसाचे तापमान सुमारे १३५० ते १४०० अंश सेल्सियस असते. आता पन्हाळ्याकडे पाहा. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार, किंबहुना आपला सह्याद्री बहुतांशी काळ्या बेसॉल्टचा बनला आहे. हा बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर असा वाहत आला आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. बाहेर पडताना त्याचे तापमान साधारण ११०० ते १२०० अंश होते. म्हणजे आपल्या फौंड्रीतल्या रसापेक्षा थोडेसेच कमी.

अशा रसात एखादा शंख टाकला तर काय होईल? शंख-शिंपल्यांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. ते ९०० अंशांच्या आसपासच फुटून त्याचा चुना होतो. कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजूनच बांधकामाचा चुना करत. कुपोला भट्टीत मळी वेगळी करण्यासाठी जी चुनखडी टाकतात, तिचेही तेच होते. भट्टीत टाकलेली चुनखडी जशीच्या तशी बाहेर येईल अशी अपेक्षा कोणी करत नाही. मग लाव्हातून बरगड्यांसकट अमोनाइट निघेल, अशी अपेक्षा आपण का करावी?

त्यातही, अमोनाइट हा समुद्रातला प्राणी. तो गोड्या पाण्यात कधी राहत नव्हता, जमिनीवर तर नाहीच. दख्खनचा लाव्हा आपल्याकडे पसरला तो जमिनीवर. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात सखल जागी तळी साचत, त्यात गाळ बसे आणि पुढचा लाव्हा त्या गाळावर पसरून त्याला झाकून टाकी. अशा गाळाच्या पातळ थरांत जीवाश्म सापडतात, नाही असे नाही. मुंबईत वरळीला अशाच थरात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. नागपूरच्या आसपास गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगडात मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला तर डायनोसॉरची हाडे निघाली, पण ती लाव्हाखालच्या, त्याच्याहून जुन्या गाळाच्या खडकातून. बेडूक, गोगलगाय, डायनोसॉर : यांत समुद्राचा रहिवासी कोणी नाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात काही ठिकाणी लाव्हाच्या खालचे कलादगी खडक उघडे पडले आहेत. ते गाळाचे आहेत खरे, पण इतके पुरातन की अमोनाइटांचा जन्मच तेव्हा झालेला नव्हता.

आणि चिठ्ठीतल्या दोन ओळी एकमेकींशीच भांडत आहेत, हे तुमच्या लक्षात आले का? पन्हाळ्याचा खडक ६ कोटी ६० लाख वर्षांचा आणि त्यातला जीवाश्म १५ कोटी वर्षांचा! हे वाचून वर्गातल्या एका तरी मुलाने हात वर करायला हवा होता. तो केला नाही, याचा दोष मी मुलांना देत नाही. छापील किंवा सुबक अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठीवर शंका घ्यायची नसते, असेच आपण त्यांना शिकवत आलो आहोत.

मग डोंगरावर जे वळलेले, गोल, पापुद्र्याचे काही दिसते ते काय असते? पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमणाला दरवर्षी शेकडो मुले जातात आणि खिशात काही ना काही घेऊन येतात. मी पाहिलेल्या 'अमोनाइटां'त सर्वांत अधिक भरणा असतो तो झिजलेल्या बेसॉल्टच्या गोळ्यांचा. पाणी फटींतून शिरते, दगडाचे कोपरे आधी कुजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. असा गोळा आडवा फुटला की एकात एक वर्तुळे दिसतात. पण ती वर्तुळे असतात, मळसूत्र नसते. बोट फिरवून पाहा : वर्तुळावर बोट जेथून निघाले तेथेच परत येते, अमोनाइटवर ते आत आत जात मध्याशी पोहोचते. दुसरा प्रकार अकीकाच्या पट्ट्यांचा. तिसरा म्हणजे हल्लीच्याच गोगलगायीचा शंख, मातीने भरलेला. तो तर बिचारा गेल्या पावसाळ्यातला असतो.

खरा अमोनाइट ओळखायचा कसा, ते आता फौंड्रीच्या भाषेतच सांगतो, कारण शिरोलीच्या मुलांना ते पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा लवकर कळेल.

पोकळ वस्तू ओतायची असेल तर मोल्डिंग बॉक्समध्ये वाळूचा साचा करतात आणि आतल्या पोकळीसाठी वाळूचाच कोअर बसवतात. साचा आणि कोअर यांच्यामध्ये जी फट उरते, तीत धातूचा रस जातो. निसर्ग हेच उलट क्रमाने करतो. अमोनाइट मेला, कवच समुद्राच्या तळाशी चिखलात रुतले. बाहेरून चिखल दाबून बसला, तो साचा. आत शिरलेला चिखल किंवा आत जमलेले खनिज घट्ट झाले, तो कोअर. पुढे लाखो वर्षांत पाझरणाऱ्या पाण्याने कवच विरघळून गेले आणि दोहोंमध्ये फट राहिली. त्या फटीत दुसरे खनिज भरले तर कवचाची हुबेहूब ओतीव प्रत तयार होते. काहीच भरले नाही तर दगड फोडताना आतला कोअर सुटून हातात येतो. संग्रहालयांत तुम्ही पाहता त्यांतले कितीतरी अमोनाइट असे नुसते कोअर असतात. कवच त्यांच्यावर नसतेच.

आणि गंमत अशी की, ओळख पटवण्यासाठी कवचापेक्षा हा कोअरच अधिक उपयोगी पडतो. अमोनाइटच्या कवचात आडव्या भिंती घालून अनेक कप्पे केलेले असत. प्राणी राहायचा सर्वांत बाहेरच्या, मोठ्या कप्प्यात. मागचे कप्पे तरंगण्यासाठी. प्रत्येक आडवी भिंत कवचाला आतून जेथे चिकटते तेथे एक रेषा उमटते. तिला सांध्याची रेषा म्हणू. कवच शाबूत असेपर्यंत ती झाकलेली असते. कोअरवर ती स्पष्ट दिसते. आजही प्रशांत आणि हिंदी महासागरांत राहणारा नॉटिलस हा अमोनाइटांचा दूरचा नातेवाईक. त्याची सांध्याची रेषा साधी, हलका बाक असलेली. ज्युरासिक आणि क्रिटेशस काळातल्या अमोनाइटांची रेषा मात्र कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली, नक्षीदार. त्यांच्या फार आधीच्या पूर्वजांत ती नुसती नागमोडी होती. कोट्यवधी वर्षांत ती अधिकाधिक कातरत गेली. त्यामुळे रेषेच्या नक्षीवरूनही काळाचा अंदाज येतो.

आणखी एक खूण. कप्प्यांना जोडणारी एक बारीक नळी असते. नॉटिलसमध्ये ती भिंतींच्या मध्यातून जाते. अमोनाइटमध्ये ती बहुधा बाहेरच्या कडेला लागून असते. गोगलगायीच्या शंखात कप्पेही नसतात आणि नळीही नसते. शिवाय तो शंख बहुधा एका बाजूला उंच होत जातो, तर अमोनाइट सहसा पोळीसारखा एका पातळीत वळलेला असतो. 'सहसा' म्हणतो, कारण सरळ काठीसारखे आणि वेडेवाकडे वळलेले अमोनाइटही होऊन गेले. आकारही काही विचारू नका. काही एखाद-दोन सेंटिमीटरचे. तर जर्मनीत झेपेनराडे येथे १८९५ साली सापडलेल्या एकाचा व्यास सुमारे १.८ मीटर आहे. तो आपल्या दारातून आत आला नसता.

हा प्राणी भूशास्त्रज्ञांना इतका प्रिय का? त्याच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि प्रत्येक जात समुद्रांतून दूरवर पसरली. त्यामुळे एखाद्या थरात अमुक जात सापडली की त्या थराचा काळ नेमका सांगता येतो आणि हजारो किलोमीटर अंतरावरच्या दुसऱ्या थराशी त्याची जोडी लावता येते. कच्छमध्ये असे अमोनाइट विपुल आहेत. वाघेन यांनी १८७० च्या दशकात त्यांचे सचित्र वर्णन केले, तेव्हापासून कच्छचे ज्युरासिक थर जगाच्या थरांशी जुळवले जात आहेत. (आपल्या फौंड्रीतल्या ग्रीन सँडमध्ये जे बेंटोनाइट मिसळतात, त्याच्याही मोठ्या खाणी कच्छमध्येच आहेत. म्हणजे शिरोलीचा कच्छशी संबंध नाही असे समजू नका.) तमिळनाडूत अरियलूर आणि तिरुचिरापल्लीच्या परिसरात क्रिटेशस काळातले अमोनाइट मिळतात, १८६० च्या दशकात स्टोलिचका यांनी त्यांचा अभ्यास केला. आणि हिमालयात, हिमाचलातील स्पितीपासून नेपाळपर्यंत, ४००० मीटर उंचीवरच्या काळ्या शेलमध्ये ते आहेत. समुद्रातला प्राणी एवढ्या उंचीवर! भारत आणि आशिया यांच्यामध्ये एके काळी समुद्र होता आणि त्याचा तळ उचलला जाऊन हिमालय झाला, हे सांगणाऱ्या पुराव्यांत या दगडांचा मोठा वाटा आहे. त्या नाहीशा झालेल्या समुद्राला झ्यूस यांनी १८९३ साली 'टेथिस' हे नाव दिले.

आता विचार करा. या साऱ्या शास्त्राचा पाया काय? 'अमुक दगड अमुक ठिकाणी, अमुक थरात सापडला', एवढे एकच वाक्य. ते वाक्य गेले की अमोनाइट हा शोभेचा दगड उरतो. ते वाक्य खोटे असेल, तर तो शोभेच्या दगडापेक्षाही वाईट.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि भूशास्त्राच्या जगात खळबळ उडाली. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता हे हिमालयातल्या जीवाश्मांवर चारशेहून अधिक निबंध प्रसिद्ध केलेले प्राध्यापक. त्यांनी हिमालयात सापडले म्हणून जे जीवाश्म दाखवले, त्यांतले अनेक मुळात हिमालयातले नव्हतेच, असे टॅलंट यांनी दाखवून दिले. त्यांत अमोनाइटांचे पूर्वजही होते. ते मोरोक्कोतील एर्फूदच्या परिसरात मिळणाऱ्या आणि तेथून देशोदेशींच्या दुकानांत विक्रीला जाणाऱ्या जीवाश्मांशी तंतोतंत जुळत होते. पुढे विद्यापीठाच्या चौकशीतही दोष सिद्ध झाला. पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. शंभराहून अधिक सहलेखकांनी विश्वासाने त्या निबंधांवर आपली नावे घातली होती आणि कित्येक अभ्यासकांनी त्यांच्या आधारे हिमालयाच्या थरांचे नकाशे आणि कोष्टके जुळवली होती. त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे निवडत बसण्याचे काम दुसऱ्यांवर पडले.

तेथेही दगड खरेच होते, मित्रांनो. चिठ्ठ्या खोट्या होत्या.

आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी काही लबाडी केली, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दगड तेथे कसा आला असावा? कोणा विद्यार्थ्याने घरून आणला असेल, कोणी कच्छच्या सहलीहून आणला असेल. कपाट रंगवताना मूळ कागद हरवला असेल आणि शेजारच्या 'पन्हाळा - बेसॉल्ट' या दगडाचे गाव याच्या नावावर चढले असेल. चूक अशीच होते, कोणी ठरवून करत नाही. पण ती चिठ्ठी वाचून मोठा झालेला मुलगा सह्याद्रीत समुद्राचे प्राणी सापडतात असे धरून चालेल आणि पुढे शिक्षक झाला तर तसे शिकवील.

या बाबतीत मला आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे कौतुक वाटते. अनेकांच्या देवघरात शाळिग्राम असतो. काळा, गुळगुळीत, आणि कित्येकांच्या आत चक्र. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून ते चक्र कोरतो अशी जुनी कथा आहे. भूशास्त्र सांगते की ते चक्र म्हणजे ज्युरासिक काळातल्या अमोनाइटचा ठसा किंवा कोअर. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूच्या काळ्या शेलमधून सुटलेले गोटे काळी गंडकी नदी वाहून आणते आणि घासून गुळगुळीत करते. कथा आणि शास्त्र यांत कारण वेगळे आहे. पण गाव एकच! आजीला विचारा, शाळिग्राम कोठला? ती क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, 'गंडकीचा'. शेकडो वर्षे, हजारो किलोमीटर आणि किती हात बदलले, तरी त्या दगडाची चिठ्ठी हरवलेली नाही. विज्ञानाच्या कपाटाला हे जमू नये, याचे वाईट वाटते. (आत चक्र आहे का ते पाहण्यासाठी घरातला शाळिग्राम फोडू नका. तो तुमच्या एकट्याचा नाही.)

"अशा शंकाखोरपणाने मुलांचा उत्साह मावळेल," असे शिक्षक मला म्हणाले. त्यांची काळजी मला समजते. खिशातून मोठ्या आनंदाने काढलेल्या दगडाला 'हा अमोनाइट नव्हे' असे म्हणणे जिवावर येते. मीही लहानपणी एक कुजका बेसॉल्ट वर्षभर दप्तरात बाळगला होता. पण मुलाला 'नव्हे' एवढेच सांगून थांबलो तरच उत्साह मावळतो. हे कांद्याचे पापुद्रे कसे सुटले, लाव्हातली ही भोके कशी पडली, हे सांगायला बसलो तर मूल उठत नाही. बेसॉल्टमधली भोके म्हणजे आपल्या कास्टिंगमधले ब्लो होलच की! रसात अडकलेला वायू बाहेर पडायच्या आत रस थिजला. फौंड्रीत असा नग रिजेक्ट होतो. सह्याद्रीत त्या भोकांत पुढे पाण्याबरोबर आलेल्या खनिजांचे पांढरे, गुलाबी झिओलाइटचे स्फटिक तयार होतात आणि जगभरची संग्रहालये ते मागून नेतात.

तेव्हा डोंगरात काही सापडले तर उचलण्याच्या आधी त्याचा जागेवरच फोटो घ्या आणि शेजारी रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळेल. वहीत तारीख, गाव, ओढा किंवा कडा आणि दगड खडकात घट्ट बसलेला होता की सुटा पडलेला, हे लिहा. सुटा दगड वाटसरूच्या पिशवीतूनही पडलेला असू शकतो. खडकात बसलेला असेल तर हातोडी चालवू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, जेथे जीवाश्मांचा अभ्यास चालतो, तेथे शाळेमार्फत फोटो आणि टिपण पाठवा. हल्ली कोल्हापूरची मुले हिमालयातही जातात. स्पितीत लांग्झासारख्या गावी तुमच्यापुढे अमोनाइट विकायला आणतील. विकत घेऊ नये असे माझे मत आहे. तो कोणत्या थरातून काढला हे विकणाऱ्याने सांगितले तरी पडताळता येत नाही, आणि मागणी वाढली की डोंगर पोखरला जातो.

त्या कपाटासाठी मी शिक्षकांना नवी चिठ्ठी लिहून दिली आहे : 'अमोनाइट, आतला कोअर. काळ बहुधा ज्युरासिक. ठिकाण अज्ञात. पन्हाळ्याचा नव्हे.' आणि शेजारी ठेवायला पन्हाळ्याच्या वाटेवरचा, झिओलाइटने भरलेल्या भोकांचा एक बेसॉल्टही दिला. त्याच्या चिठ्ठीवर तारीख आणि किलोमीटरचा दगड लिहिला आहे. शिक्षकांनी दोन्ही चिठ्ठ्या ठेवून घेतल्या. अजून लावल्या नाहीत, असे तेथल्या नववीतल्या एका मुलीने मला परवा सांगितले. ती कपाटाच्या किल्लीसाठी त्यांच्या मागे लागली आहे.